नोकरीची तयारी म्हणजे कशाची तयारी?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ८ मार्चच्या कार्यक्रमांची आमंत्रणं यायला लागली असतील. महाविद्यालयांतूनही येतील. त्याच सुमारास तिथे आणखी एक धांदल चालू असते. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी ‘करिअर मार्गदर्शन’, ‘मुलाखतीचं तंत्र’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशा शिबिरांचे फलक लागतात. कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्यापासून पौड फाट्यापर्यंत चालत गेलं, तर अशा वर्गांच्या पाट्या मोजता मोजता दमायला होतं. ८ मार्चला आपण जातो आणि हिंसाचार, हुंडा, कायदे यावर बोलतो. शिबिरात दुसरं कुणी येतं आणि नोकरीवर बोलतं. दोन्ही सभागृहांत बसलेली मुलगी मात्र एकच असते. तिच्या डोक्यात या दोन गोष्टींची सांगड कुणी घालून देत नाही. ती सांगड आपण घालायला हवी, असं मला वाटतं. म्हणून या वेळचं संपादकीय या विषयावर.

गेली काही वर्षं मी कोथरूडमधल्या वस्त्यांमध्ये महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींच्या गटाबरोबर काम करते आहे. सुतारदरा, किष्किंधानगर, जयभवानीनगर अशा भागांतल्या या मुली. बहुतेकींच्या आया आसपासच्या सोसायट्यांमध्ये धुणंभांडी, पोळ्या, स्वयंपाक करतात. काहींच्या आया कचरा वेचतात. वडील रिक्षा चालवतात, रंगकाम करतात, वॉचमन आहेत. काही घरांत वडील नाहीतच. त्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोचलेली ही पहिलीच मुलगी. कुणी बी.कॉम. करते, कुणी बी.ए., थोड्याजणी संगणकाचा अभ्यासक्रम, एखादी नर्सिंग.

गटातल्या मुलींबरोबर मी अशा एका शिबिराला जाऊन बसले होते. तिथले तज्ज्ञ तळमळीनं बोलत होते. हस्तांदोलन कसं करायचं, नजरेला नजर कशी द्यायची, कपडे कोणते घालायचे, ‘पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं. मुलींनी सगळं वहीत लिहून घेतलं. परत येताना एकजण म्हणाली, “ताई, पाच वर्षांनी मी कुठे असेन ते मला कसं माहीत? ते घरचे ठरवणार ना!”

ती तक्रार करत नव्हती. बसचा नंबर सांगावा इतक्या सहजपणे तिनं हे सांगितलं. आणि माझ्या लक्षात आलं, की त्या दोन तासांच्या शिबिरात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. समोर बसलेल्या व्यक्तीचा दिवस तिचा आहे, फोन तिचा आहे, पगार तिचा असणार आहे आणि पुढची पाच वर्षंही तिचीच आहेत. गरीब घरातल्या मुलग्याचंही आयुष्य पूर्णपणे त्याच्या हातात नसतं, हे खरं. पण त्यानं नोकरी करायची की नाही, हा प्रश्न तरी कुणी विचारत नाही. मुलीची तयारी या प्रश्नापाशीच सुरू होते आणि कितीदा तरी इथेच संपते.

आकडे काय सांगतात तेही पाहू. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार शहरी भागातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ साली २०.४ टक्के स्त्रिया काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. २०२३-२४ साली हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं. वाढ झाली, पण शहरातल्या शंभरातल्या बहात्तरजणी अजून या मोजणीच्या बाहेर आहेत. दुसरीकडे मुलींचं शिक्षण वाढतं आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मोठा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय स्वागतार्हच आहे. त्यामुळे महाविद्यालयाचं दार आणखी काहीजणींसाठी उघडेल. पण त्या दारातून बाहेर पडल्यावर पुढचं दार कुठे आहे, हे तिला कोण दाखवणार?

आमच्या कोथरूडच्या परिसराला हा प्रश्न नवा नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर आणला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा रोज पायपीट करत तिथे यायचे. तिथे येणाऱ्या बहुतेक मुली विधवा होत्या. सासर-माहेर दोन्हीकडे ओझं ठरलेल्या या मुलींना पोट भरण्याचं साधन हवं होतं. त्यांनी शिकून शिक्षिका व्हावं, दुसऱ्यापुढे हात पसरू नये, हा त्यामागचा विचार होता. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं सेवासदन सुरू झालं. तिथेही स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचं शिक्षण मिळू लागलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी या शहरात मुलींच्या शिक्षणाचा आणि त्यांच्या मिळकतीचा विचार एकत्र होत होता.

त्याच परंपरेत दुसराही एक धागा होता. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य या विषयांना खास जागा होती. स्त्रीचं क्षेत्र वेगळं, तिनं उत्तम गृहिणी आणि माता व्हावं, ही त्यामागची समजूत. हे दोन्ही धागे आजच्या मुलीपर्यंत आले आहेत. “स्वतःच्या पायावर उभी राहा” असं आई सांगते, आणि “तुझ्या पोळ्या अजून गोल होत नाहीत” असंही तीच सांगते. काळ बदलला तसं विद्येचं क्षेत्रही रुंदावलं. त्याच हिंगण्याच्या, म्हणजे आताच्या कर्वेनगरच्या आवारात १९९१ साली मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. पण कोणती मुलगी कुठल्या दारापर्यंत पोचते, हे तिच्या गुणांइतकंच तिच्या जातीवर, वस्तीवर आणि घरातल्या पैशावर अवलंबून राहिलं आहे. सुतारदऱ्याहून कर्वेनगर काही लांब नाही. पण माझ्या गटातल्या बहुतेक मुली त्या आवारात कधी गेलेल्या नव्हत्या.

म्हणून तयारीची पहिली पायरी म्हणजे कामाचं जग डोळ्यांनी बघणं. आम्ही गटात मुलींना विचारलं, “तुम्हांला माहीत असलेली बायकांची कामं सांगा.” शिक्षिका, नर्स, ब्युटीपार्लर, शिवण, दुकानातली सेल्सगर्ल, ‘आय.टी.वाली’ आणि पोलीस. यादी एवढ्यावरच थांबली. मग आम्ही जाऊन पाहायचं ठरवलं. रुग्णालयाची प्रयोगशाळा, छापखाना, बँकेची शाखा, पीएमपीचा डेपो, सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना. प्रत्येक ठिकाणी तिथे काम करणाऱ्या बाईला विचारायचे प्रश्न मुलींनीच ठरवले. पगार किती? सुट्टी कधी? इथपर्यंत पोचायला काय शिकावं लागलं? संडास आहे का? मासिक पाळीच्या दिवसांत काय करता? साहेब कसे बोलतात? घरी मूल कोण सांभाळतं? हे प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात नसतात आणि निर्णय मात्र यांच्याच उत्तरांवर ठरतात.

स्पर्धा परीक्षांबद्दल इथे थोडं बोलायला हवं. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिका मुलींनी भरलेल्या आहेत. १९९४ च्या महिला धोरणानंतर शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. त्यामुळे अनेकजणी फौजदार, तहसीलदार, कारकून झाल्या, त्यांना बघून मागच्या मुलींना बळ आलं. पण गटातल्या मुलींशी बोलताना आणखी एक कारण पुढे आलं. “अभ्यास चालू आहे” असं म्हटलं, की लग्न दोन वर्षं पुढे जातं. दुसऱ्या कुठल्याही कारणानं ते पुढे जात नाही. मुलीला अभ्यास करायचा असेल तर जरूर करावा. पण ती परीक्षेला बसते आहे की लग्नापासून सवड मागते आहे, हे तिचं तिला स्पष्ट दिसायला हवं. सवडच हवी असेल, तर हातात एखादं कौशल्य आणि थोडी कमाई असताना ती मागणं जास्त सोपं जातं.

दुसरी पायरी बायोडेटाची. अनुभवाच्या रकान्यात आमच्या बहुतेक मुली ‘नाही’ असं लिहितात. आम्ही त्यांना सांगितलं, बारा वर्षांच्या झाल्यापासून केलेल्या कामांची यादी करा. एकीनं लिहिलं, आईच्या बचत गटाचे हिशेब चार वर्षं लिहिते. दुसरीनं लिहिलं, आई आजारी असताना तिची तीन घरची कामं दोन महिने केली, एकही काम सुटू दिलं नाही. तिसरी वस्तीतल्या दहा मुलांची शिकवणी घेते. चौथी वडिलांच्या दवाखान्याचे कागद, रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं एकटी निभावते. हे काम नाही तर काय? हिशेब, वेळ पाळणं, माणसांशी बोलणं, कागदपत्रं सांभाळणं या गोष्टी प्रत्येक कचेरीला हव्या असतात. बाईनं घरात केलेलं काम मोजलं जात नाही, असं आपण अर्थशास्त्राच्या भाषेत सांगत असतो. इथे तेच मुलीच्या बायोडेटात घडताना दिसतं. तिनंच ते मोजलेलं नसतं.

मग लहानसहान वाटणाऱ्या, पण अडवणाऱ्या गोष्टी येतात. अर्जावरचा फोन नंबर भावाचा असतो. मुलाखतीचा निरोप येतो तेव्हा भाऊ कामावर असतो, किंवा त्याला तो निरोप द्यावासा वाटत नाही. ई-मेलचा परवलीचा शब्द सायबर कॅफेवाल्याकडे असतो. आधारकार्डावर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं, बँकेत तिसरं. लग्न झालं की चौथं. म्हणून आम्ही सांगतो की बायोडेटाआधी या चार गोष्टी करा. स्वतःचा नंबर घ्या, स्वतःचा ई-मेल काढा, बँकेत फक्त तुमच्या नावाचं खातं उघडा आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, हेही अनेकींना इथेच पहिल्यांदा कळतं. नोकरीच्या नावाखाली आधी पैसे मागणारा, ‘डिपॉझिट’ भरायला लावणारा किंवा मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवून घेणारा माणूस दिसला, की तिथून उठून यायचं, हेही सांगावंच लागतं.

तिसरी पायरी मुलाखतीची. शिबिरांत एक गोष्ट हमखास सांगतात. १९७४ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्तींनी, टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी तिच्यात सूचना होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्यात मुलाखत झाली आणि त्या टेल्कोत अभियंता म्हणून रुजू झाल्या. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण ती ‘हिंमत असेल तर सगळं जमतं’ इथेच थांबवली जाते. त्याच १९७४ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा ‘समानतेकडे’ हा समितीचा अहवाल आला. १९७५ साली समान वेतनाचा अध्यादेश निघाला, १९७६ साली कायदा झाला आणि सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून डावलायला बंदी आली. तीच तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेत गेली. हिंमतवान मुलीला पोस्टकार्ड पुरलं. ज्यांना टाटांचा पत्ता माहीत नव्हता, त्यांना कायदा लागला.

आजच्या जाहिरातीत तसं वाक्य छापत नाहीत. ते आता मुलाखतीत तोंडी विचारतात. “लग्नाचं काय ठरलंय?” “घरी परवानगी आहे ना?” “लगेच मूल वगैरे नाही ना?” वस्तीतल्या मुलींना याखेरीज आणखी एक प्रश्न येतो, “कुठे राहता?” पत्ता ऐकला की चेहरा बदलतो. आडनावावरूनही बदलतो.

हे प्रश्न कुठून आले आणि स्त्रियांनी त्यांना कसं तोंड दिलं, हा इतिहास प्रत्येक मुलीला सांगण्यासारखा आहे. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा न्यायालयात गेल्या. तिथल्या नियमांनुसार स्त्रीला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, पुरुषाला नाही. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. १९८१ साली नर्गिस मिर्झा यांच्या खटल्यात हवाई सुंदरींची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपवण्याचा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट मात्र तेव्हा न्यायालयानं उचलून धरली. म्हणजे जिंकणं एकदम होत नाही, थोडंथोडं होतं. आणि नीरा माथूर यांचं प्रकरण तर आमच्या मुलींना सर्वांत जवळचं वाटतं. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या वेळी भरायच्या घोषणापत्रात शेवटची पाळी कधी आली, गरोदर आहात का, किती गर्भधारणा झाल्या, गर्भपात झाला का, असे रकाने होते. रुजू झाल्यावर त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली. घोषणापत्रात माहिती खोटी दिली या कारणावरून त्यांना काढून टाकलं गेलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते अपमानास्पद रकाने काढून टाकायला सांगितलं. हे ऐकल्यावर गटातली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे असं विचारलं तर लाज मला वाटायला नको, त्यांना वाटायला हवी!”

पण मुलाखतीच्या खोलीत कायद्याचं कलम म्हणून दाखवणं सोपं नाही. तिला नोकरीची गरज आहे आणि समोरच्याच्या हातात ती आहे. म्हणून आम्ही तिच्यावर धीटपणाची सक्ती करत नाही. सराव मात्र करून घेतो. “लग्नाचं काय?” असं विचारलं, तर “कामाच्या वेळा मी पाळेन. शिफ्ट कोणती आहे ते सांगाल का?” असं म्हणून बोलणं पुन्हा कामावर आणायचं. प्रश्न फारच अंगावर येणारा असेल, तर “याचा कामाशी काय संबंध आहे ते मला समजलं नाही,” असं शांतपणे म्हणायचं. आणि एखादीनं गरजेपोटी उत्तर देऊन टाकलं, तरी बाहेर आल्यावर ते गटात सांगायचं. कोणत्या ठिकाणी काय विचारतात, याची आम्ही एक वही ठेवली आहे. पुढची मुलगी जाते तेव्हा ती वही वाचून जाते.

पगाराचं बोलणं हा मुलींना सर्वांत अवघड वाटणारा भाग. “तुमची अपेक्षा काय?” असं विचारलं, की आमच्या मुली हमखास म्हणतात, “तुम्ही द्याल ते.” यावर उपाय आम्हांला मुलींच्या आयांनीच दिला. पगाराच्या सत्राला आम्ही बाहेरचा तज्ज्ञ बोलावला नाही, आयांना बोलावलं. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला होता. संघटना बांधून पगारवाढ, सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस पदरात पाडून घेण्याची या शहरातल्या बायकांना सवय आहे. घरेलू कामगारांसाठीचा महाराष्ट्राचा कायदा २००८ साली झाला, त्यामागे अशा कितीतरी वर्षांची लढाई होती. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि वर्षानुवर्षं ‘चोर’ म्हणून हाकलल्या गेलेल्या बायकांच्या हाती ओळखपत्र आलं. या बायका मुलींना सांगत होत्या, “आधी शेजारच्या घरी काय देतात ते विचारायचं. मग आपला आकडा सांगायचा. आकडा सांगून गप्प बसायचं, आपणच लगेच कमी नाही करायचा.” मुली आपल्या आयांकडे बघतच राहिल्या. मुलाखतीच्या तंत्राचं एवढं चांगलं व्याख्यान मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

चौथी पायरी नोकरी मिळाल्यानंतरची. शिबिरांची मजल इथपर्यंत येत नाही. नेमणूकपत्र वाचायला शिकवावं लागतं. हातात पडणारा पगार किती, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, किती महिन्यांची नोटीस, ‘ट्रेनी’ म्हणून किती दिवस ठेवणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या एकीप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. या संहितांमधल्या अनेक गोष्टींना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि त्यावर आपल्यालाही बोलावं लागेल. पण जो कागद मागता येतो, तो मागायला मुलींना आजच शिकवू या.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलही नोकरी लागण्याआधीच बोलायला हवं. १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल लागला, २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागा असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रशिक्षणार्थी मुलगी, शिकाऊ उमेदवार, रोजंदारीवरची बाई, सगळ्या या कायद्यात येतात. कंपनीनं दिलेली गाडीसुद्धा ‘कामाची जागा’ मानली जाते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला असतानाच मुली इंटर्नशिपला जाऊ लागल्या आहेत. वीस वर्षांची मुलगी एकटी एखाद्या कचेरीत जाते, तेव्हा श्रेयांकांसाठी सही तिच्या वरच्या माणसाच्या हातात असते. तिला पाठवणाऱ्या महाविद्यालयानं तिथे समिती आहे का, एवढं तरी आधी विचारायला हवं.

रात्रपाळीचा विषय पुण्यात निघाला, की २००७ आणि २००९ सालच्या घटना आठवतात. २००७ साली कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीच्याच गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून तिचा खून केला. २००९ साली खराडीहून घरी निघालेल्या संगणक अभियंता स्त्रीच्या बाबतीतही तसंच घडलं. त्यानंतर किती घरांत मुलींच्या नोकऱ्या सुटल्या असतील, याचा हिशेब कुठेच नाही. मुलीला घरात बसवणं हा उपाय सगळ्यांत आधी सुचतो, कारण त्याचा खर्च फक्त तिच्यावर पडतो. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं, आणि तिची सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय मालकानं करायची असते. संमती हा शब्द महत्त्वाचा आहे. तिनं ‘हो’ म्हणण्याआधी गाडी कोणती, चालकाची नोंद कुठे आहे, शेवटी उतरणारी बाई असेल तर सोबत कोण, हे विचारायचं. मार्च २०२२ पासून आमच्या वनाझहून मेट्रो सुटू लागली, नंतर ती रामवाडीपर्यंत गेली. त्यामुळे गटातल्या दोघी-तिघींच्या नोकरीचा परीघ वाढला. पण स्टेशनपासून वस्तीपर्यंतचा चढ रात्री अंधारात असतो. त्या चढावर दिवे लावून घेणं हीसुद्धा नोकरीची तयारीच आहे, आणि ती एकट्या मुलीनं करायची नाही.

शेवटची आणि सर्वांत अवघड तयारी घराची. २०२४ सालच्या वेळवापर पाहणीत असं दिसलं, की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर ती कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. नोकरी लागली म्हणून ही मिनिटं आपोआप कमी होत नाहीत. आमच्या गटात मुली आपल्या घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडतात आणि तो कागद घरी दाखवतात. काही घरांत हशा होतो, काही घरांत भांडण. एका घरात भावानं स्वतःचं ताट घासायला सुरुवात केली, एवढाच बदल झाला. मी त्याला लहान समजत नाही. मुलीला ‘नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालाल’ हे शिकवणारी शिबिरं खूप आहेत. मुलग्यांसाठी असं एखादं शिबिर कुणी पाहिलं असेल तर जरूर कळवा! आपण महाविद्यालयात जातो तेव्हा मुलग्यांनाही त्याच खोलीत बसवायचा आग्रह धरायला हवा.

पगार कुणाच्या हातात, हाही घरचाच प्रश्न. खातं तिचं, पण एटीएम कार्ड वडिलांच्या खिशात, अशी स्थिती अनेक घरांत आहे. घराला हातभार लावायला मुलींची ना नसते, उलट त्याचा त्यांना अभिमान असतो. प्रश्न एवढाच, की किती द्यायचं आणि किती ठेवायचं, हे ठरवताना तिला विचारतात का. पहिल्या पगाराच्या वेळी हे बोलणं झालं, तर पुढची वर्षं सोपी जातात.

हे सगळं कुणी करायचं? महाविद्यालयांचे प्लेसमेंट कक्ष कंपन्यांशी संबंध राखण्यात गुंतलेले असतात. त्यांच्याकडून मालकाला अवघड प्रश्न विचारण्याची अपेक्षा फार धरता येणार नाही. खासगी वर्गांची फी वस्तीतल्या मुलीला परवडत नाही. आपल्या गटांकडे मात्र या कामाला लागणारं बरंच काही आधीपासून आहे. कायद्याची माहिती आहे, घराघरांत शिरकाव आहे, कामगार बायकांच्या संघटनांशी मैत्री आहे, वेळ पडली तर कचेरीत जाऊन बसण्याची सवय आहे. आपण या गोष्टी मुलीवर अत्याचार झाल्यानंतर वापरतो. त्या ती अर्ज भरते तेव्हाच तिच्या हाती दिल्या, तर किती फरक पडेल!

म्हणून माझी विनंती अशी. यंदा ८ मार्चला एखाद्या महाविद्यालयानं व्याख्यानाला बोलावलं, तर त्यांना म्हणा, व्याख्यान नको, आम्हांला शेवटच्या वर्षाच्या वर्गाबरोबर तीन तास द्या. पहिल्या तासात कामांची यादी आणि बायोडेटा. दुसऱ्या तासात मुलाखतीचे प्रश्न आणि पगाराचं बोलणं, शक्य असेल तर नोकरी करणाऱ्या दोघी आणि मोलकरीण संघटनेतली एखादी बाई बरोबर घेऊन. तिसऱ्या तासात नेमणूकपत्राचा नमुना, छळविरोधी समिती आणि घरच्या कामाचा कागद. जाताना मुलींना एक फोन नंबर आणि दर महिन्याला भेटण्याची एक जागा देऊन या. कारण खरे प्रश्न पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात येतात आणि तेव्हा तिला विचारायला कुणीतरी लागतं.

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत मुलींना मुलाखतीत काय विचारतात, त्या काय उत्तर देतात, कोणत्या घरानं कशी साथ दिली, हे आम्हांला लिहून पाठवा. मुलींनाच लिहायला सांगा. नावं छापणार नाही. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी चार पानं राखून ठेवली आहेत.